एका खुर्चीपुरता आवाज

शांतता विकत घ्यायला बाजारात जाणारा माणूस अख्ख्या चंदीगडमध्ये एकच होता, आणि तो नेमका आमच्या नात्यात निघावा हे आमचं नशीब. मी माझ्या ताईच्या यजमानांबद्दल बोलतेय. भावोजी सेक्टर तीसमधल्या सरकारी प्रयोगशाळेत उपकरणांचे शास्त्रज्ञ. म्हणजे नक्की काय करता, असं मी ताईच्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत त्यांना विचारलं होतं, तेव्हा ते म्हणाले, "यंत्रं किती खोटं बोलतात ते बघतो." मला वाटलं, थट्टा करताहेत. पुढे नवऱ्याच्या बदलीमुळे मी पंचकुल्यात राहायला आले, तिथल्या शाळेत नोकरी धरली, दर रविवारी ताईकडे जाऊ लागले, आणि हळूहळू कळलं की हा माणूस थट्टा करतच नाही. ते बोलतात ते सगळं खरं असतं. आपल्याला हसू येतं, हा आपला दोष.

त्यांचा पहिला नियम असा, की कुठल्याही यंत्राची परीक्षा ते काम करत असताना घ्यायची नाही, रिकामं असताना घ्यायची. ज्याला मोजायला काही दिलेलंच नाही त्याने शून्य दाखवलं पाहिजे. रिकामा असताना जो काटा हलतो, तो भरल्यावर काय खरं सांगणार? बरं, हा नियम प्रयोगशाळेत ठेवून घरी यावं की नाही? छे! सेक्टरात आठवड्याला भरणाऱ्या 'अपनी मंडी'त ते भाजीवाल्याला आधी रिकामा तराजू उचलून धरायला लावत, आणि तो स्थिर होईपर्यंत मागची गिऱ्हाइकं खोळंबून राहत. न्हाव्याकडे गेले की आधी कात्री हवेत चालवून दाखवायला सांगत. आणि मिरजेला ताईला बघायला आले तेव्हा तर कमालच केली होती. दोघांना बोलायला म्हणून माडीवर बसवलं, मी जिन्यात कान लावून उभी, आणि वर चकार शब्द नाही. मुलगा मुका आहे की काय, म्हणून आई घाबरली. बऱ्याच वेळाने दोघं खाली आली ती हसत, आणि भावोजींनी तिथल्या तिथे होकार दिला. पुढे मी छेडलं तेव्हा म्हणाले, "बोलताना सगळेच बरे वाटतात गं. गप्प बसल्यावर जड होत नाही ना, तेवढंच बघत होतो." ताईला विचारलं तर ती म्हणाली, तिला आपलं वाटलं ते लाजताहेत.

दुसरा नियम पहिल्याहून विचित्र. यंत्र चुकतं म्हणून टाकून द्यायचं नाही. किती चुकतं ते काढायचं आणि तेवढं वजा करून वापरायचं. चूक असण्यात वाईट काही नाही, चूक माहीत नसणं वाईट. त्यामुळे त्यांच्या भिंतीवरचं घड्याळ कायम पुढे असायचं, पण ते कुणी कधी मागे केलं नाही. घरातली माणसं मनातल्या मनात वजाबाकी करून वेळ सांगायची, आणि ज्यांना हे ठाऊक नसे ते पाहुणे गाडीच्या कितीतरी आधी स्टेशनवर जाऊन बसायचे. ताईच्या "झालंच माझं"मधून, साहेबांच्या रागातून, वर्तमानपत्रातल्या थंडीच्या आकड्यांतून, कशाकशातून ते काहीबाही वजा करत. माझ्यावरही हा प्रयोग होऊन गेलेला होता. मी काही रंगवून सांगायला लागले की ते शांतपणे ताईला म्हणत, "मेहुणबाईंच्या बोलण्यातले चार आणे वजा कर, उरलेलं खरं आहे." मला राग यायचा. पण हिशोब बरोबर होता, आणि वाचकांनीही तो लक्षात ठेवायला माझी हरकत नाही.

आता त्या घराविषयी. सरकारी क्वार्टर, पुढे एक खोली, मागे एक खोली, मध्ये दार. पुढच्या खोलीत भावोजींचं गाणं आणि मागच्या खोलीत ताईचा टीव्ही. भावोजींना गाणं म्हणजे शास्त्रीय, तेही दिवा मालवून, आणि मध्ये कुणी शिंकलं तरी चालायचं नाही. ताईला सिनेमा. यात तिची काही चूक नव्हती. नवी नवरी म्हणून मिरजेहून आली तेव्हा तिला हिंदी यायची ती शाळेतल्या परीक्षेपुरती, शेजारीपाजारी सगळे पंजाबी, नवरा दिवसभर प्रयोगशाळेत. तिला हिंदी सिनेमांनी शिकवली आणि सोबतही सिनेमांनीच केली. त्यामुळे ती भाजीवाल्याशी भांडली तरी सिनेमातल्या आईसारखी भांडायची. "भैया, हमारे भरोसे का ये सिला दिया आपने?" हे वाक्य तिने दोन सडक्या टोमॅटोंवरून म्हटलेलं मी ऐकलंय, आणि त्या बिचाऱ्याने ओशाळून मूठभर मिरच्या फुकट घातल्या होत्या. तर संध्याकाळ झाली की इकडे तानपुरा आणि तिकडे हाणामारी. एकाचा आवाज दुसऱ्यात मिसळू नये म्हणून मधलं दार लागायचं, आणि दाराखालच्या फटीत भावोजी जुना टॉवेल गुंडाळून कोंबायचे. वर्षानुवर्षं हे असंच. ना भांडण, ना तंटा. मी आपली पाहुणी, अर्धा वेळ इकडे अर्धा वेळ तिकडे. एकदा स्वयंपाकघरात मी ताईला म्हटलं, संध्याकाळी तुम्ही दोघं भेटता तरी कधी? तिने तवा खाली उतरवला. "जेवताना," ती म्हणाली. "मला काही नको गं. संध्याकाळी ते दार उघडं राहिलं तरी पुरे." आणि पुन्हा तवा चढवला.

हे तिने त्यांनाही सांगितलं असणार, किंवा त्यांनी आपणहून ओळखलं असणार. कारण नव्वदची सालं सरत आली, बाजारात परदेशी माल मोकळेपणाने दिसायला लागला, तेव्हा एका रविवारी भावोजींनी जेवताना जाहीर केलं की आपण रिसीव्हर घ्यायचा. रिसीव्हर हे काय प्रकरण आहे ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तो सगळ्या आवाजांचा मुख्य डबा. गाण्याची तबकडी, म्हणजे सीडी, लावा की सिनेमाची, आवाज आधी याच्या पोटात जातो आणि मग स्पीकरांतून बाहेर पडतो. गाण्याला समोरचे दोन स्पीकर, सिनेमाला चहूबाजूंनी पाच. "दोन्हीला चालेल असा एकच घेऊ," भावोजी म्हणाले, "म्हणजे खोल्या दोन लागणार नाहीत." ताईने त्यांना न विचारता आणखी एक पोळी वाढली. त्यांची लेक तेव्हा कॉलेजात होती. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीतून यायचं. ती मला म्हणाली, "मावशी, पक्का समझो, पापा मेरी शादी तक ढूँढते रहेंगे."

लेकीचं भाकीत खरं होता होता राहिलं. भावोजींचं म्हणणं असं, की सिनेमाचा रिसीव्हर आणि गाण्याचा रिसीव्हर या दोन निराळ्या जाती आहेत. सिनेमाला दणका लागतो आणि गाण्याला खरेपणा. दोन्ही एका डब्यात मागणं म्हणजे तमाशातल्या ढोलकीवाल्यानेच देवळात भजनाला साथ करावी म्हणण्यासारखं. तसा माणूस असतो, पण शोधावा लागतो. बाजारातले बहुतेक डबे म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या. पुढे बटणंच बटणं. एक दाबलं की म्हणे सभागृहात बसल्यासारखं वाटतं, दुसरं दाबलं की स्टेडियममध्ये, तिसरं दाबलं की चर्चमध्ये. यमन चर्चमध्ये कशासाठी ऐकायचा, असं भावोजींनी सेक्टर सतरामधल्या एका विक्रेत्याला अगदी मनापासून, उत्तराची वाट बघत विचारलं. तो साहेबांना विचारून येतो म्हणून आत गेला, तो पुन्हा बाहेर आला नाही.

शेवटी भावोजी टिकले ते सेक्टर बावीसमधल्या एका सरदारजींच्या दुकानात. सरदारजींनी माडीवर आवाज ऐकवायची खास खोली केली होती; खाली गालिचा, भिंतींना जाड पडदे, मध्ये सोफा. गिऱ्हाईक बसलं की ते हेलिकॉप्टरचा प्रसंग लावत. हेलिकॉप्टर डोक्यावरून मागे गेलं की गिऱ्हाईक मान वळवून पाही, आणि तिथेच सौदा पक्का होई. भावोजींनी हात वर करून हेलिकॉप्टर थांबवलं. "पहले ख़ाली चलाइए," ते म्हणाले. सरदारजींना काही उमगेना. "ख़ाली में क्या सुनेंगे जी?" त्यावर भावोजी म्हणाले, "यही, कि कुछ सुनाई तो नहीं देता." मग त्यांनी पंखा बंद करवला, एसी बंद करवला. रिसीव्हर चालू, आवाज पुरता वाढवलेला, आणि आत काहीही लावलेलं नाही. चांगलं यंत्र अशा वेळी गप्प राहतं, वाईट यंत्र सूं सूं करत बसतं, असा त्यांचा सिद्धान्त. जून महिना. भावोजी, ताई, मी आणि सरदारजी डोळे मिटून घामाने निथळत बसलो होतो. तेवढ्यात कुणी एक वयस्क बाई मिक्सर बघायला आलेल्या, त्या चुकून माडीवर आल्या. चार माणसं डोळे मिटून बसलेली पाहून त्यांनी चपला बाहेर काढल्या, ओढणी डोक्यावरून घेतली आणि शेजारी गालिच्यावर मांडी घालून हात जोडून बसल्या. त्यांना उठवायचा कुणाचा धीर होईना. अखेर भावोजींनी डोळे उघडले, "आवाज येतोय" म्हणाले आणि तो रिसीव्हर नापास केला. हे रोज किती वाजता असतं, असं बाई जाताना सरदारजींना विचारून गेल्या.

पुढचे कितीतरी रविवार असे गेले. शांततेत पास झालेल्या यंत्राला भावोजी खिशातून तबकडी काढून देत, आणि तिच्यावर नुसता तानपुरा. गाणं नाही, बोल नाही, चार तारा. छेडलेली तार विरते कशी, ते ऐकायचं. ताई आधी आपली सोबतीला म्हणून यायची. मग एकदा सरदारजी सवयीने हेलिकॉप्टर लावायला गेले तर ती म्हणाली, ते राहू द्या, रडायचा सीन लावा. तिचं म्हणणं, हाणामारी काय, कुठल्याही डब्यावर दणदणते. नायिका रडता रडता हळू बोलत असते आणि मागे दहा सारंग्या वाजत असतात, तेव्हा शब्द कळले तर यंत्र चांगलं. भावोजी तिच्याकडे बघतच राहिले. लग्नाला वीस वर्षं झाल्यावर बायकोची नवी ओळख व्हावी, तसं काहीतरी मी त्या दिवशी पाहिलं. मग त्यांनी पास केलेले रिसीव्हर ती रडण्यात नापास करू लागली आणि तिला पसंत पडलेले ते शांततेत. सरदारजी हवालदिल. पण एव्हाना तेही बिघडले होते. इतर गिऱ्हाइकांनाही "पहले ख़ाली सुनिए जी" म्हणायला लागले होते, आणि मग धंद्याचं जे व्हायचं ते झालं. माझ्या मात्र दुसरंच काही ध्यानात येत होतं. ताई रविवारी दुपारपासून तयारीला लागायची. ठेवणीतला पंजाबी सूट, जरा पावडर. दोघं स्कूटरवरून जायची, दुकानातून उतरली की कोपऱ्यावर गोलगप्पे खायची आणि कुठल्या डब्यात काय कमी पडलं यावर वाद घालत घरी यायची. मला कुतूहल वाटायला लागलं, की या माणसाला रिसीव्हर सापडत नाहीये की सापडायला नकोय? न राहवून मी विचारलंही. भावोजींनी क्षणभर विचार केला आणि गंभीरपणे सांगितलं की नाही, खरंच सापडत नाहीये. म्हटलं ना, ते थट्टा करत नाहीत.

आणि एका रविवारी तो सापडला. काळा, जड, बटणं बेताची, दिसायला अगदी सामान्य. रिकामा असताना तो इतका गप्प राहिला की सरदारजींनी तो चालू आहे ना म्हणून दोनदा वाकून पाहिलं. तानपुऱ्याची तार शेवटच्या धाग्यापर्यंत ऐकू आली. नायिका रडली, आणि ताईने तिचा शब्दन् शब्द पुन्हा म्हणून दाखवला. सरदारजींनी स्वतःच्या खर्चाने लाडू मागवले. त्यांची सुटका झाली होती. रिसीव्हर घरी आला तेव्हा भावोजींनी मधलं दार नुसतं उघडलं नाही, बिजागऱ्यांतून काढूनच टाकलं. दाराच्या फळीने आवाज घुमतो, असं कारण दिलं. सरकारी दार, फेकता येईना, म्हणून ते पलंगाखाली गेलं. ताईने रिसीव्हरला हळदकुंकू लावलं. मला भरून आलं होतं, आणि यातलं काही वजा करायचं नाही.

पण घोडं अडलं ते पुढेच. भावोजी दोऱ्या, मोजपट्टी आणि खडू घेऊन जमिनीवर रांगू लागले. कुठल्या स्पीकरपासून कान किती लांब आहे, त्यावर आवाज नीट जुळतो की नाही ते ठरतं. पुष्कळ रांगून झाल्यावर त्यांनी खडूने जमिनीवर एक फुली मारली. बरोबर जागा सापडली होती, आणि ती एका खुर्चीएवढी होती. एवढी दुकानं पालथी घालताना या शास्त्रज्ञाने सगळं तपासलं होतं, यंत्राची शांतता, तानपुऱ्याच्या तारा, बायकोच्या नायिकांचं रडणं. ऐकणारी माणसं दोन आहेत, एवढं मात्र तपासायचं राहिलं होतं. दुकानातल्या सोफ्यावर दोघं शेजारी बसायची, तेव्हा भावोजींचं सगळं लक्ष डब्यात. शिवाय रिकाम्या डब्याची शांतता काय, कुठेही बसा, सारखीच ऐकू येते.

मग प्रयोग सुरू झाले. खुर्चीमागे खुर्ची ठेवली तर पुढच्याचं डोकं मध्ये. सोफा ठेवला तर फुली दोघांच्या मधोमध, म्हणजे दोघंही चूक. पाळीपाळीने बसायचं म्हटलं तर दुसऱ्याने तोवर जायचं कुठे? मागच्या खोलीत. त्या रविवारी मी गेले तेव्हा पाचही स्पीकर गप्प होते आणि भावोजी फुलीकडे बघत उभे होते. रिसीव्हर परत करतो, म्हणाले; दोघांना बरोबर ऐकू येईल असं काहीतरी पुन्हा पहिल्यापासून शोधू. कणकेच्या हातांनी ताई बाहेर आली. ती चिडली की एरवी सिनेमातल्यासारखं बोलते. त्या दिवशी सरळ मिरजेच्या मराठीत बोलली. "मग पलंगाखालचं दार काढा आणि बसवा परत," ती म्हणाली. "टॉवेल मी धुऊन ठेवलाय." आणि आत निघून गेली.

मी वर्तमानपत्र चाळण्याचं नाटक करत बसले. उठून जावं तर बरं दिसेना, आणि खरं म्हणजे जायचंही नव्हतं. मग भावोजींनी वेताची खुर्ची उचलून नेमकी फुलीवर ठेवली. बाहेरच्या व्हरांड्यातला बुटका मोढा, म्हणजे बिनपाठीचं वेताचं स्टूल, आणून तिच्या डाव्या अंगाला ठेवला आणि त्यावर बसले. सिनेमाची तबकडी लावून थोडं ऐकलं, मग तानपुऱ्याची लावून ऐकलं, आणि ताईला हाक मारली.

"तू खुर्चीवर बस. मी इथे बसतो."

"आणि तुम्हाला आवाज?"

"चुकीचा येतो. डावा जास्त, उजवा कमी. किती ते काढलंय मी," भावोजी म्हणाले. "वजा करून ऐकेन."

ताईने हात धुतले, पदराला पुसले आणि खुर्चीवर बसली. त्या संध्याकाळी आधी सिनेमा झाला, मग यमन, आणि पोळ्या मला कराव्या लागल्या. तेव्हापासून तो रिवाजच पडला. रिकामा तराजू जरा हलला तर भाजी न घेणारा माणूस पुढची सगळी वर्षं वाकड्या आवाजात गाणं ऐकत बसला, आणि त्याची एकदाही तक्रार नाही. ताईला तानपुरा आवडू लागला, आधी झोप छान लागते म्हणून आणि मग खरोखरच. भावोजी सिनेमा बघून रडायला शिकले. त्यांचा डावा डोळा आधी भरून यायचा, असं मी सगळ्यांना सांगत असे. चार आणे वजा करा.

निवृत्तीनंतर दोघं पंचकुल्यातच, आमच्या शेजारच्या सेक्टरात राहायला आली. नव्या घरात पुन्हा दोऱ्या, पुन्हा खडू, पुन्हा फुली. फुलीवर खुर्ची आणि डाव्या अंगाला मोढा. लोकांच्या भिंतींवर चपटे टीव्ही आले, गाणी तबकड्यांतून निघून कुठे कुठे गेली, यांचा डबा तोच राहिला. लेक लग्न होऊन कॅनडाला गेली होती. तिच्या बाळंतपणाला ताई एकटीच गेली. भावोजींना तेवढा प्रवास झेपण्यातला नव्हता. मी शाळेतून आले की त्यांच्यासाठी भाजी-पोळी घेऊन जायचे. एका संध्याकाळी गेले तर तानपुरा चालू होता. खुर्ची रिकामी, आणि भावोजी मोढ्यावर. त्यांच्या गुडघ्यांना तो मोढा आता सोसत नाही, हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, भावोजी, ताई येईपर्यंत तरी खुर्चीवर बसा. इतक्या वर्षांत एकदा तरी बरोबर ऐका.

"बसून बघितलं," ते म्हणाले. "ती गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी. अगदी बरोबर येतो आवाज. डावा-उजवा, कुठे काही चूक नाही." मग त्यांनी खुर्चीकडे पाहिलं. "तरी काहीतरी चुकतंय गं. आणि किती, ते काढताच येत नाहीये."

तबकडी संपली, तरी ते उठले नाहीत आणि यंत्रही त्यांनी बंद केलं नाही. त्याचा छोटा दिवा तेवढा जळत होता. मी खुर्चीवर न बसता खाली सतरंजीवर बसले. ताई रोज संध्याकाळी फोन करायची. भिंतीवरच्या त्याच पुढे असलेल्या घड्याळात तिच्या फोनची वेळ होऊन गेली होती. आम्ही दोघं मनातल्या मनात वजाबाकी करून वाट बघत बसलो.